उलट फोन कोणी करायचा?

(मुलुंड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळी हसली, हे मी पाहिले. अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या माणसाने महागाईवर बोलावे, बेकारीवर बोलावे. आणि हा गृहस्थ 'प्लंबर आपला फोन का उचलत नाही' यावर बोलणार! हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु नळाला पाणी न येणे हा काही घराघरांतला खासगी त्रास नसून राजकारणाचा प्रश्न आहे, हे याच उपनगरांत मृणालताई गोरे यांनी लोकांच्या गळी उतरवले. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत ते उगाच नव्हे. नळाच्या पाण्यात राजकारण असेल, तर तो नळ बसविणाऱ्या माणसाच्या येण्या-न येण्यातही काही अर्थकारण असले पाहिजे. ते काय आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रारंभ स्वतःच्या घरापासून करतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरील शेजारी वर आले आणि त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आल्याचे त्यांनी नम्रपणे सांगितले. गळती आमचीच होती. पावसाळा महिन्यावर आलेला. मी आठ जणांना फोन केले. दोघांनी फोन उचललाच नाही. एक जण गावाला होता. तिघे 'उद्या येतो' म्हणाले आणि त्यांचा उद्या उजाडला नाही. एक जण आला, टॉर्च मारून भिंत पाहिली, 'बघून सांगतो' म्हणाला आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. आठव्याने सगळी लादी उखडून नवी बसविण्याचा असा काही आकडा सांगितला की, मीच त्याला पुन्हा फोन केला नाही. हा शेवटचा तपशील कृपा करून लक्षात ठेवा.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कोठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत आर्थिक पत्रके दहा मिनिटांत मंजूर होतात आणि पुढचा दीड तास गच्चीच्या गळतीवर आणि न येणाऱ्या ठेकेदारावर जातो.

दोन सोपी उत्तरे

या तक्रारीची दोन तयार उत्तरे आपल्या समाजात प्रचलित आहेत. पहिले असे की, ही माणसे मुजोर झाली आहेत, त्यांना शब्दाची किंमत नाही. दुसरे असे की, मराठी मुलांना हातात पाना धरायची लाज वाटते, म्हणून ही कामे परप्रांतीयांच्या हाती गेली आणि ते आपल्याला जुमानत नाहीत. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना समाधान देतात. प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो.

पहिल्या उत्तराबद्दल एवढेच म्हणतो की, एखादा दोष एका माणसात आढळला तर त्याला स्वभाव म्हणावे. तोच दोष गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन, प्लंबर अशा निरनिराळ्या धंद्यांतल्या, निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांत सारखाच आढळू लागला तर कारण त्यांच्या परिस्थितीत शोधावे. दुसऱ्या उत्तराबद्दल सांगायचे तर, ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यातला पट्टामुंडईचा परिसर प्लंबरांचा प्रदेश म्हणून देशभर ओळखला जातो. तिथली पोरे थोरल्या भावाच्या, चुलत्याच्या हाताखाली हा धंदा शिकतात आणि मोठमोठ्या शहरांत जाऊन राबतात. अशी माणसे वर्षातून एकदा घरी जातात, आणि 'गावाला आहे' हे त्यांचे उत्तर बहुधा खरे असते. आपला कोकणी सुतार गणपतीला गावी गेला तर आपल्याला कौतुक वाटते आणि ओडिशाचा प्लंबर गेला तर आपण त्याला बेभरवशाचा म्हणतो. हा न्याय नव्हे.

बलुते न देता बलुतेदार

खरा प्रश्न असा आहे की, हाक मारली की माणसाने यावे, ही अपेक्षा आपल्या मनात आली कोठून?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात जुन्या गावरचनेचे जे वर्णन आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे गावाचे बलुतेदार. कुणब्याचा नांगर मोडला की सुताराने तो दुरुस्त करून द्यायचा. त्या वेळी रोख मोबदला नाही. सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा. ही व्यवस्था जातीच्या दावणीला बांधलेली होती, अन्यायाची होती, आणि ती मोडली याचे दुःख करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु तिच्यात एक हिशेब होता. सुतार हाकेसरशी येई, कारण नाही म्हणण्याची त्याला मुभा नव्हती, आणि गावही त्याला सुगीला रिकाम्या हाताने परत पाठवू शकत नसे.

शहराने हे बंधन तोडले. गिरणीने आणि कारखान्याने कारागिराला दरमहा पगार दिला. पुढे संघटनेच्या जोरावर भविष्यनिर्वाह निधी दिला, रजा दिली. या मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा जे कारखाने होते, त्यांतला फिटर संध्याकाळी पाळी सुटल्यावर शेजाऱ्याचा नळ दुरुस्त करून देई. त्याचे पोट त्या नळावर अवलंबून नव्हते, म्हणून तो येई आणि चोख काम करी. मी पन्तनगरच्या वसाहतीत वाढलो. आमच्या मजल्यावर असा एक फिटर राहत असे. त्याच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडेही नव्हता. त्या काळी मुंबईत अर्ज केल्यावर टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे लागत. कारागिराच्या चिठ्ठीवर शेजारच्या दुकानाचा नंबर असे आणि पुढे 'पी.पी.' अशी अक्षरे. निरोप ठेवला की माणूस दोन दिवसांत येई. आज त्याच्या खिशात दोन फोन आहेत आणि तो येत नाही. तेव्हा अडचण यंत्राची नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी एम. ए.च्या वर्गात होतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि उपनगरांतले कारखानेही हळूहळू आपल्या जमिनी मोकळ्या करून निघून गेले. त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. कारखान्याबरोबर पगार गेला हे आपण नेहमी सांगतो. कारखान्याबरोबर शिक्षणही गेले, हे सांगायचे राहून जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आजही आहेत, परंतु तिथून निघालेल्या मुलाचा हात जिथे पक्का व्हायचा ती जागा उरली नाही.

कारागीर मग नाक्यावर आला. सकाळी सातला आपल्या स्थानकांबाहेरच्या चौकांत पिशवीत थापी, ओळंबा आणि डबा घेऊन उभी असलेली माणसे तुम्ही रोज पाहता. दहा वाजेपर्यंत कोणी नेले तर ठीक, नाही तर दिवस फुकट. गिरणीच्या फाटकावर जॉबरची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराचे चित्र आपण इतिहासात वाचतो. ते चित्र पुसले गेले नाही, ते फाटकावरून नाक्यावर आले.

आणि आपण? आपल्याला अजून बलुतेदारच हवा आहे. हाक मारताच यावे, बघण्याचे पैसे मागू नयेत, जिन्याने वर यावे, पाणी मागू नये. मात्र बलुते देण्याची आपली तयारी नाही. अपेक्षा गावगाड्याची आणि दाम नाक्याचे, असा हा व्यवहार आहे.

मिस्त्रींचा हिशेब

आमच्या न्हाणीघराकडे पुन्हा वळतो. आठ फोन वाया गेल्यावर मला आमच्या जुन्या मिस्त्रींची आठवण झाली. दहा-बारा वर्षे आमच्या इमारतीतली बहुतेक कामे त्यांनी केली होती. त्यांचा नंबर बदलला होता. तेव्हा मी जुन्या पद्धतीने गेलो: हार्डवेअरच्या दुकानात निरोप ठेवला. रविवारी सकाळी ते दुकानावर भेटले. आता घोडबंदर रस्त्यावरील एका मनोऱ्याच्या कामावर ते रोजंदारीने जातात. 'लहान कामे सोडली, सर,' म्हणाले. का सोडली, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून जो हिशेब सांगितला, तो अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावा असा आहे.

समजा, न्हाणीघराच्या गळतीचे काम ९,००० रुपयांना ठरले. ट्रॅप, पाइप, सिमेंट, रसायन मिळून ४,५०० रुपये साहित्याला गेले. बिगारी दोन दिवस, ८०० रुपये रोजाने १,६०० रुपये. उरले २,९००. काम दोन दिवसांचे. म्हणजे वरवर पाहता रोज चांगला पडला. परंतु हे एक काम मिळण्यासाठी मिस्त्रींना चार घरे पाहावी लागतात. बोरिवलीहून घाटकोपर, घाटकोपरहून मुलुंड; प्रत्येक ठिकाणी जाण्यायेण्यासकट अर्धा दिवस. चार घरांचे दोन दिवस झाले, आणि त्यांपैकी तीन घरे फक्त आकडा ऐकून घेतात, तो दुसऱ्याला सांगून त्याच्याकडून घासाघीस करून घेतात आणि पुन्हा फोन करीत नाहीत. तेव्हा २,९०० रुपये दोन दिवसांचे नसून चार दिवसांचे. रोज पडला ७२५ रुपये. शेवटी गिऱ्हाईक 'पाऊस पडू द्या, मग बघू' म्हणून हजार रुपये मागे ठेवते. ते बुडाले तर रोज ४७५ रुपये. मनोऱ्यावर १,२०० रुपये मिळतात. तेथे बोलणी नाहीत, जिने नाहीत. 'तुम्हीच सांगा सर, फोन उचलून मी काय करू?'

मित्रहो, वर्गात मी तीस वर्षे संधिमूल्याची संकल्पना शिकवली. ती इतक्या स्वच्छपणे मी कधी शिकवली असेन, असे मला वाटत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, पाहणी हे काम आहे. गळती कोठून येते हे ओळखणे हेच खरे कौशल्य. लादी उखडणे त्या मानाने सोपे. डॉक्टर तपासण्याचे पैसे घेतो त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही, वकील सल्ल्याचे घेतो. परंतु मिस्त्रीने पाहण्याचे पैसे मागितले की आपल्याला तो लुबाडतो आहे असे वाटते. बुद्धीच्या कामाला दाम आणि हाताच्या कामाला घासाघीस, ही आपली जुनीच वर्णव्यवस्था आहे. हाताच्या कामातही बुद्धी असते हे आपण मेळाव्यात म्हणतो आणि दारात विसरतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, जिथे माल चांगला की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला कळत नाही, तिथे घेणारा सरासरी किमतीवर अडून बसतो. त्या किमतीत चांगल्या मालाच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईट माल उरतो. पुढे २००१ साली त्यांना जे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच संशोधनासाठी. लादीखालचे काम हे असेच अदृश्य. त्यात काय भरले हे तीन पावसाळ्यांनंतर कळते. आपण तीन भाव घेतो आणि सर्वांत कमी भावाला काम देतो. मग प्रामाणिक मिस्त्री मनोऱ्यावर जातो आणि लहान कामांच्या बाजारात कोण उरतो, हे आपल्या छतावरची ओल सांगते. मुजोर माणसे या बाजारात असतील तर ती आपणच निवडून मागे ठेवली आहेत.

त्यात गेल्या काही वर्षांत उपनगरांतून पुनर्विकासाची लाट उसळली आहे. गल्लीगल्लीतल्या तीन-चार मजली इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. कुशल हात त्या कामांनी ओढून घेतले. मे महिन्यात तर पावसाआधी सगळ्यांनाच गच्च्या आणि भिंती उरकायच्या असतात आणि त्याच महिन्यात लग्नसराईसाठी माणसे गावी गेलेली असतात. आपण नेमके तेव्हाच फोन करतो.

एप्रिल २०२०

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. परंतु ते वगळले तर बाकी सगळे बोलणे पोपटपंची ठरेल.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रोजावर जगणाऱ्याचा रोज एका रात्रीत गेला. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांचा जमाव जमला. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. त्याआधी आणि त्यानंतरही हजारो माणसे मुंबई-नाशिक रस्त्याने चालत गेली. त्या एप्रिलमध्ये माझ्या फोनवर आमच्या मिस्त्रींचे तीन मिस्ड कॉल आले होते. मी ते पाहिले. काम देता येणार नाही, संस्थेचे फाटक बाहेरच्यांना बंद आहे, आणि पैसे मागितले तर किती द्यायचे, अशा विचारात मी होतो. उद्या फोन करू असे म्हटले. तो उद्या उजाडला नाही.

त्या महिन्यात मी स्थलांतरित मजुरांच्या हालांवर एक टिपण लिहिले होते, हेही सांगून टाकतो.

त्या रविवारी हार्डवेअरच्या दुकानात मी हा विषय काढला. म्हटले, 'मिस्त्री, तुम्ही तेव्हा फोन केला होता, मी उलट केला नाही.' ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'जाऊ द्या सर. तेव्हा कोणीच उचलला नाही.' त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जणू पाऊस पडला होता, एवढ्याच सहजपणे त्यांनी ते सांगितले. जून महिन्यात ते गावी गेले, फोन विकला, नंबर गेला. दीड वर्षाने परतले ते थेट मनोऱ्यावर.

साथींनो, फोन न उचलण्याची तक्रार करण्याचा नैतिक अधिकार मी त्या एप्रिलमध्ये गमावला. तुमच्यापैकी कितीजणांनी तो राखला, हे तुम्हीच आपल्या मनाला विचारावे.

कायद्याचे छप्पर

त्या दिवसांत या माणसाच्या डोक्यावर कायद्याचे काही छप्पर होते काय? कागदावर होते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून कल्याणकारी मंडळे चालवायची अशी योजना केली. कल्पना उत्तम होती. परंतु मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की, देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमला आणि त्यातले सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले. नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मनोऱ्याचा ठेकेदार तो देऊ शकतो, जरी पुष्कळदा देत नाही. पण जो माणूस वर्षभर तुमच्याआमच्या घरांत दोन-दोन दिवस काम करतो, त्याने पन्नास घरमालकांकडून पन्नास चिठ्ठ्या जमवाव्यात काय? तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले. घरदुरुस्ती करणाऱ्याला दाखला कोण देणार, हा प्रश्न तसाच उभा आहे.

आपल्याच राज्याने याहून चांगली वाट दाखविली होती, याचे स्मरण करून देतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. रोज मालक बदलणाऱ्या हमालाला कायम मालक नसतो. म्हणून मंडळ नेमले, मालक आणि कामगार दोघांचीही तेथे नोंद केली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान द्यायचे. त्या मंडळांत पुढे कोणते दोष शिरले हे मला ठाऊक आहे. तथापि ज्याचा मालक रोज बदलतो त्यालाही कायमस्वरूपी हक्क देता येतात, हे त्या कायद्याने सिद्ध केले. घरकामगारांसाठी २००८ साली मंडळाचा कायदा झाला तोही याच विचारातून.

अॅपने सुटले काय?

कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, हे सगळे आता मोबाइलच्या अॅपने सोडवले. बोट दाबले की गणवेशातला माणूस वेळेवर दारात. मी या सोयीची थट्टा करणार नाही. एक गोष्ट तर तिने आपल्याकडून निमूटपणे मान्य करून घेतली: पाहणीचे पैसे. मिस्त्रीने २०० रुपये मागितले तर आपण भांडतो, अॅपने मागितले तर बटण दाबतो! परंतु तो माणूस वेळेवर येतो तो आपल्यावरील विश्वासाने नव्हे. आपण दिलेल्या ताऱ्यांवर त्याचे उद्याचे काम ठरते, म्हणून येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे अशाच एका कंपनीसाठी काम करणाऱ्या स्त्रिया दलाली आणि कामाच्या अटींविरुद्ध रस्त्यावर बसल्या होत्या. नाही म्हणण्याची मुभा नसलेला बलुतेदार आपल्याला पुन्हा मिळाला आहे. फक्त खळ्याचा मालक दूर कोठेतरी बसला आहे.

आपण काय करावे

आता करण्यासारख्या गोष्टी सांगतो. त्यांना क्रांती म्हणता येणार नाही. परंतु त्या उद्यापासून करता येतील.

पहिली गोष्ट, पाहणीचे पैसे द्या, न मागता द्या, आणि काम द्यायचे नसेल तर तसे फोन करून सांगा. नकार कळला तर माणूस दुसरे काम घेतो. आपल्या मौनाने त्याचे दिवस अडतात. दुसरी, काम लिहून काढा: काय करायचे, कोणते साहित्य, किती दिवस, किती पैसे. साहित्याची उचल आधी, मधला हप्ता ठरल्या टप्प्यावर, आणि उरलेले पैसे पाणी भरून चाचणी झाली की त्याच दिवशी. 'पाऊस पडू द्या' ही अट चालणार नाही. तिसरी, पाच सोसायट्यांनी एकत्र येऊन दोन-तीन चांगल्या कारागिरांशी वर्षाचा करार करावा. दरमहा ठराविक रक्कम, कामाचे पैसे वेगळे. हे आधुनिक बलुते होय. फरक इतकाच की ते जातीवर नव्हे, करारावर उभे असेल आणि नाही म्हणण्याचा हक्क दोन्ही बाजूंना असेल. चौथी, काम केलेल्या प्रत्येक माणसाला दिवसांची नोंद असलेली सहीची चिठ्ठी द्या. अशा हजार चिठ्ठ्या घेऊन आपण मंडळाच्या दारात जाऊ, तेव्हा बोलण्याला वजन येईल.

आणि पाचवी, स्वस्तात उरकण्याचा मोह आवरा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. भिंत कोणती आणि खांब कोणता, हे विचारायला अभियंता लागतो; आणि 'हे तोडू नका' असे घरमालकाला तोंडावर सांगायला निर्भय कारागीर लागतो. पोटासाठी प्रत्येक हुकुमाला मान डोलवणारा माणूस आपल्याला परवडणारा नाही, तो आपल्या डोक्यावर छत पाडील.

कार्यकर्त्यांना एक वेगळे काम सांगतो. मजुरांच्या सहकारी संस्था आपल्या राज्यात जुन्या आहेत. त्यांतल्या कित्येक नावाला मजुरांच्या आणि कामाला ठेकेदारांच्या झाल्या, हेही आपण जाणतो. तरीही कारागिरांची खरी सहकारी संस्था, जी पाहणीचा दर ठरवील, कामाची हमी देईल आणि सभासदाच्या आजारपणात फोन उचलील, ती उभी करण्याजोगी जागा आज या उपनगरांइतकी दुसरी नाही. इथे लाखो घरे गळत आहेत आणि हजारो हात नाक्यावर उभे आहेत. या दोघांच्या मध्ये जो उभा राहील, तो संघटना बांधील. आपण उभे राहिलो नाही तर दलाल उभा राहील. तो उभा आहेच. तेव्हा पत्रके नंतर छापा. आधी महिनाभर सकाळी सातला आपापल्या नाक्यावर जा, चहा घ्या, नावे विचारा, कोणाची किती मजुरी बुडाली ते वहीत लिहा.

आमच्या गळतीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मिस्त्री पुढच्या दोन रविवारी आले. त्यांनी एका ठिकाणची फक्त चार लाद्या उखडल्या; दोष नळीच्या एका सांध्यात होता. सगळी लादी काढण्याची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी मी पाहणीचे पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत. दुसऱ्या रविवारी मी हिशेबात ते वेगळे लिहून दिले, तेव्हा घेतले. त्यांचा नवा नंबर मी लिहून ठेवला आहे. त्यांचा फोन आला आणि मला घेता आला नाही, तर त्याच दिवशी उलट फोन करायचा, एवढा नेम मी केला आहे.

आपणही तो करावा, एवढी विनंती करून थांबतो.